बाहेरून लावलेली कडी

मालगाडीच्या बंद डब्याला बाहेरून कडी लावायची नाही. आत आपलं माणूस असताना तर अजिबात नाही, मग शिपाई येवो नाही तर रेल्वेचा मोठा साहेब येवो. देवमनला ही गोष्ट आठ वर्षांपासून ठाऊक होती. नव्यानं गाडीत चढणाऱ्या प्रत्येकाला तोच ती दम देऊन सांगायचा. आणि त्याच शहाण्यानं पासष्ट सालच्या मे महिन्यात, बडनेऱ्याच्या यार्डात, सकाळी दहाच्या उन्हात सूर्यभानच्या डब्याला स्वतःच्या हातानं कडी लावली.

त्याला नावं ठेवायची घाई करू नका. तुम्ही-आम्ही तिकीट काढून खिडकीशी बसणारी माणसं. मालगाडीनं हिंडणाऱ्याची अक्कल कुठं चालते आणि कुठं बंद पडते, हे आपल्याला घरबसल्या कळायचं नाही.

देवमन चांदूर रेल्वेच्या पलीकडच्या खेड्यातला. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि महिन्याभरात गावचं मेलेलं ढोर ओढायला नाही म्हणाला. गावानं त्याचं काम बंद केलं. आई होती तोवर दात-ओठ खाऊन राहिला. ती गेली तसा स्टेशनात आला आणि समोर उभ्या असलेल्या मालगाडीत चढला. सूर्यभान दर्यापूरकडचा, काळ्या जमिनीच्या घरातला. बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं, आणि याचं घरातून मनच उठलं. भावांनी दोनदा शोधून नेला, दोनदा परत पळाला. दोघांची गाठ पडली ती रिकाम्या डब्यातच. देवमननं भाकरी पुढं केली, ती आधी आपली जात सांगून. सूर्यभाननं विचारलं, "मिरची आहे का?" बस, एवढ्यावर सोबत जमली ती सात वर्षं टिकली.

दिवाळीनंतर अकोल्याच्या सरकी काढायच्या जिनात कापूस उपसायचा, उन्हाळ्यात भुसावळकडे केळीचे घड भरायचे, मधल्या दिवसांत जिथं गाडी थांबेल तिथं हाताला लागेल ते करायचं. यार्डातले लोक अशांना 'फुकटे' म्हणत. फुकट्यांचे कायदे कुठं लिहिलेले नव्हते, पण पक्के होते. डब्याच्या दाराच्या फटीत लाकडाची पाचर ठोकायची, म्हणजे कोणी चुकून दार लोटलं तरी ते बंद होत नाही. एक पकडला गेला तर त्यानं दुसऱ्याचं नाव काढायचं नाही. आणि बाहेरून कोणी ठोकलं, हाक मारली, शिव्या दिल्या, गोड बोललं, तरी आतल्यानं हूं की चूं करायचं नाही. डब्यात बसला तो मेला असं धरून चालायचं, असं देवमनच म्हणायचा. आता त्या बोलण्याची आठवण जरी आली तरी तो स्वतःच्या तोंडात मारून घेतो.

त्या दिवशी सूर्यभानला तीन दिवसांचा ताप होता आणि खोकला असा की बरगड्या मोजून घ्याव्या. त्याला अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचा होता. पॅसेंजरनं का नाही गेले, म्हणाल. इतकं खोकणाऱ्या माणसाला पॅसेंजरमध्ये लोक बाकावर टेकू देत नाहीत, हे एक. आणि खरं सांगायचं तर मालगाडी सोडून दुसरं काही त्यांना सुचायचंच बंद झालं होतं.

गाडीला इंजिनामागं वीस बंद डबे रिकामे होते आणि त्यामागं गिट्टी भरलेले उघडे डबे. देवमननं सूर्यभानला एका बंद डब्यात नेलं, खाली दोन बारदानं अंथरली, दारात पाचर ठोकली आणि तार लावलेला डालड्याचा डबा घेऊन नळावर पाणी भरायला गेला. परतताना पाहतो तर यार्डाचा पहारेकरी गाडीच्या कडेनं येत होता. ज्या दाराची कडी लोंबत होती ते दार तो उघडून पाहत होता, आणि सूर्यभानच्या दाराची कडी लोंबतच होती. पहारेकरी चार डबे दूर होता.

देवमन धावला. पाचर उपटली, दार लोटलं आणि कडी अडकवली. आतून बारीक आवाज आला, "देवमन?"

"चूप राय. दोन मिनटं," देवमन दाराशी तोंड नेऊन बोलला आणि दोन डब्यांच्या मधून वाकून पलीकडे गेला.

पहारेकरी आला. लागलेली कडी पाहून त्यानं दारावर नुसती एक काठी हाणली. आतून खोकला आला नाही. देवमनचा जीव भांड्यात पडला. पण पहारेकरी पुढं जाईना. तिथंच सावलीला उभा राहून तो बिडी पेटवायला लागला. तेवढ्यात इंजिनानं शिट्टी दिली, डब्यांना धक्का बसला, गाडी हलली.

पलीकडच्या बाजूलाही दार होतं, पण त्याची कडी, त्या बाजूच्या सगळ्याच दारांसारखी, जाड तारेनं जखडलेली. देवमननं चालत्या गाडीबरोबर धावत त्या तारेला दोन हिसके दिले. तिनं त्याचं बोट मात्र कापलं. डबा निसटून पुढं गेला. मागून गिट्टीचे डबे यायला लागले, तसा एका डब्याच्या शिडीला हात घालून तो वर चढला. डालड्याच्या डब्याची तार दातांत धरलेली होती, पाणी गळ्यावरून छातीवर सांडत होतं. गिट्टीवर बसल्यावर त्यानं पाहिलं, अर्धं पाणी उरलं होतं.

ते पाणी त्याच्याकडे आणि सूर्यभान तिकडे. वैशाखातलं वऱ्हाडातलं ऊन मी तुम्हाला काय सांगणार. त्या उन्हात उभ्या डब्याच्या पत्र्यावर पाणी टाकलं तर चर्र वाजतं. दाराला पाचर असली की फटीतून वारा तरी येतो. आता पाचर देवमनच्या कमरेला खोचलेली होती. त्यानं स्वतःला समजावलं, गाडी कुठं ना कुठं बाजूला घेतील, मेल जाऊ देतील, तेव्हा उतरू आणि कडी काढू. तासाभराचा तर प्रश्न. तासाभरात माणूस मरत नाही, असं तो गिट्टीवर बसून स्वतःशीच बोलत होता.

गाडी बाजूला घेतली ती एका दोन खोल्यांच्या स्टेशनात. नाव सांगत नाही, तिथल्या मास्तरची नातवंडं आमच्या ओळखीची आहेत. देवमन उतरला आणि डबा हातात घेऊन पुढं निघाला. पळायचं नाही, पळणारा माणूस लगेच नजरेत येतो, म्हणून चालत निघाला. आठ डबे ओलांडले. आणि समोरून हिरवं निशाण घेऊन स्टेशनाचा पोर्टर चंद्रभान आला. त्यानं देवमनची गचांडी धरली आणि त्याला ओढत मागं गार्डापुढं नेऊन उभं केलं.

"और कितने हैं?" गार्डानं विचारलं.

"कोनी नाई साहेब. मी एकटाच आहो."

"सच बोल. कौन है अंदर?"

"कोनीच नाई जी."

गार्डानं तिसऱ्यांदा विचारलं. देवमननं तिसऱ्यांदाही तेच सांगितलं, आणि ते शपथेवर सांगितलं. तुम्हाला वाटेल, हा माणूस आहे की कोण. पण त्याचा हिशेब सरळ होता. आठ वर्षांत तो वीस वेळा पकडला गेला होता. वीसही वेळा दोन थपडा बसल्या आणि ढकलून दिलं. गाडी सुटली की पळत जाऊन मागच्या डब्याला लोंबकळायचं आणि पुढच्या थांब्यावर पुढं सरकायचं. नाव सांगितलं असतं तर दोघंही अडकले असते. आणि हिशेब तरी कसला. 'कोणी नाही' हे शब्द त्याच्या तोंडातून आपोआप निघायचे, ठेच लागली की 'आई गं' निघतं तसे.

त्या दिवशी थपडा बसल्याच नाहीत. आठवड्यापूर्वी त्या भागात गाडीतून कापडाचे गठ्ठे पळवले होते, आणि जो सापडेल त्याला धरून ठेवायचा हुकूम होता. चंद्रभाननं देवमनचा हात मागं पिरगाळून धरला. मेल धाडधाड निघून गेली. सिग्नल पडला. मालगाडी सुटली, गार्डानं चढून निशाण दाखवलं, आणि शेवटचा डबा देवमनच्या डोळ्यांसमोरून गेला.

तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यानं गाडीमागं धावायला हिसका दिला.

"सोड बावा, सोड मले," तो चंद्रभानला म्हणाला. "आत माणूस आहे. मी कडी लावली त्याले."

चंद्रभाननं त्याला मास्तरपुढं नेलं. मास्तर वामनराव पुण्याकडून बदलून आलेले. उन्हानं आधीच वैतागलेले होते, त्यात हे ध्यान समोर आलं. सगळं ऐकून घेऊन त्यांनी चष्मा काढला.

"आत्ताच तू गार्डला तीनदा सांगितलंस ना, की आत कोणी नाही?"

"हाव जी."

"मग खोटं तेव्हा बोललास की आता बोलतोयस?"

"तवा बोललो. साहेब, तो बिमार आहे. त्याच्याजोळ पानी नाई. पानी मायाजोळ राह्यलं." देवमननं डालड्याचा डबा पुढं केला, जणू मास्तरला त्यात लेखी पुरावाच सापडणार होता.

मास्तरनं विचारलं, डब्याचा नंबर काय. देवमनला वाचता येत होतं, दीक्षेनंतर रात्रीच्या शाळेत शिकला होता. पण नंबर त्यानं पाहिलाच नव्हता. आठ वर्षं डब्यात काढली आणि एकदाही नंबर वाचला नाही. इंजिनापासून नववा की दहावा, एवढंच तो सांगू शकला. मास्तरनं कागद पाहिले. ते वीस रिकामे डबे मूर्तिजापूरला सोडायचे होते, एका कापसाच्या प्रेसच्या सायडिंगात, म्हणजे बाजूच्या रुळावर, सरकी भरायला.

"मग बरंच झालं. भरायला उघडतील तेव्हा निघेल बाहेर."

"कवा भरतीन जी?"

मास्तरनं पुन्हा कागदावर बोट फिरवलं. "सोमवारी," ते म्हणाले. त्या दिवशी शुक्रवार होता.

"सोमवारी मढं निघन साहेब."

वामनराव वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून ठेवतो. त्यांनी फोन उचलला. मूर्तिजापूरला निरोप दिला, तिथून प्रेसच्या चौकीदाराला सांगायला माणूस धाडला. मग वाट पाहणं सुरू झालं. देवमन दारात उकिडवा बसला. भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहायचं नाही असं ठरवून तो सारखा घड्याळाकडंच पाहत होता. सव्वाअकरा, साडेअकरा, बारा. बाहेर फलाटावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. चंद्रभाननं त्याला माठातलं पाणी दिलं, ते त्यानं बाजूला ठेवून दिलं.

साडेबाराला घंटी वाजली. मास्तरनं ऐकून घेतलं, दोनदा 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवला. त्यांचं तोंड लाल झालं होतं.

"वीसच्या वीस डबे काठीनं ठोकले. नाव घेऊन हाका मारल्या. कोणी नाही. दारं उघडून उन्हात हात भाजून घ्यायचे कशाला, म्हणतो चौकीदार. माझी शोभा झाली तेवढी."

मेला की काय, हे देवमनच्या मनात पहिलं आलं. मग दुसरं आलं, आणि ते पहिल्यापेक्षा वाईट होतं.

"साहेब, तो आवाज देनार नाई."

"का? झोपलाय?"

"आमी देत नसतो जी. बाहेरून काठी वाजली का आमी दम धरतो. नाव घेतलं तरी बोलत नाई. त्याले वाटन, देवमनले पकडलं, मारलं, अन् त्याच्यापासून नाव काढलं."

"अरे, मरायला टेकलेला माणूस मदतीला आलेल्या लोकांना ओ देणार नाही?"

"नाई देनार," देवमन म्हणाला. "मीच शिकोलं त्याले."

हे बोलताना त्याला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. मास्तरला पटलं होतं की नाही देव जाणे, पण पुन्हा फोन करून स्वतःचं हसं करून घ्यायची त्यांची तयारी नव्हती. "एकची पॅसेंजर येईल, तिनं शिपायाबरोबर जा. तिथं काय तोंड दाखवायचं ते दाखव," असं म्हणून ते कागदात डोकं घालून बसले.

शिपाई म्हणजे नत्थुजी. त्या चोरीपायी त्यांना स्टेशनात आणून बसवलं होतं. पन्नाशीचा माणूस, खाकीची बटणं पोटावर ताणलेली, हातात पितळी टोकाची काठी. ते सगळं कोपऱ्यातल्या बाकावरून ऐकत होते. पॅसेंजर पाऊण तास लेट असल्याचं कळलं तसे ते उठून देवमनजवळ आले.

"किती वर्षं झाली तुले?"

"आठ."

"मी बावीस वर्षं झाले डबे ठोकून राह्यलो," नत्थुजी म्हणाले. मग काठीच्या पितळेकडं पाहत राहिले. "ठोकलं अन् आवाज नाई आला का आमी पुढं जातो. असे किती डबे सोडले असतीन मी."

देवमनचे कान दुसरीकडे लागले होते. बडनेऱ्याकडून गाडीचा आवाज येत होता. पॅसेंजर नव्हे. जड, संथ, मालगाडी. सिग्नल पडलेला नव्हता, त्यामुळे ती स्टेशनात शिरली ती माणसाच्या चालीनं, फुसफुसत. तेवढ्यात सिग्नल पडला आणि इंजिनानं पुन्हा जोर धरायला सुरुवात केली.

देवमन उठला. "नत्थुजी, चढता येते का जी तुमाले?"

"काय?"

"पॅसेंजर पाऊन तास लेट आहे. तेवढ्यात तो मरन. येता का तुमी, का मी एकटा जाऊ?"

उत्तराची वाट न पाहता त्यानं फलाटावरून उडी टाकली. मास्तर आतून ओरडले, चंद्रभान धावला. डालड्याचा डबा देवमनच्या गळ्यात, त्याची तार त्यानं करगोट्याच्या दोऱ्यानं बांधली होती. एक शिडी गेली, दुसरीला त्याचा हात लागला. वर चढून त्यानं मागं पाहिलं. नत्थुजी पोट सांभाळत, शिव्या देत, गाडीबरोबर धावत होते. काठी त्यांनी आधीच टाकून दिली होती.

आता इथं देवमनला काय वाटलं ते सांगायलाच हवं. मान वळवली असती तर शिपाई मागं राहिला असता आणि हा मोकळा झाला असता. गाडी त्याची, रस्ता त्याचा, आठ वर्षांत याच्यापेक्षा सोपी सुटका त्याला कधी मिळाली नव्हती. हा विचार त्याच्या मनात आला, नाही आला असं नाही. पण डबे वीस होते, प्रेसचा चौकीदार त्याला जवळ फिरकू देणार नव्हता, आणि खाकी कपडा सोबत असला तर देणार होता. त्यानं वाकून नत्थुजींचा हात मनगटाजवळ धरला आणि दोन पाय टेकवून त्यांना वर ओढलं. शिपायाचा एक बूट खाली पडला तो पडलाच.

"माया बायकोले सांगशीन नको," धापा टाकत नत्थुजी म्हणाले.

गाडी मूर्तिजापूरला थांबणार होती की नाही हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. प्रेसची सायडिंग दिसली तसं देवमननं नत्थुजींना शिडीच्या शेवटच्या पायरीवर आणलं, गाडी ज्या बाजूला जाते त्याच बाजूला तोंड करून, पाय आधी हलवत कसं उतरायचं ते सांगितलं आणि स्वतः उडी मारली. नत्थुजी पडले, गुडघे फुटले, उठले.

सायडिंगात वीस डबे एका रांगेत उभे होते. सगळे लाल, सगळे बंद, सगळ्यांच्या कड्या लागलेल्या. डबे इथं ढकलताना इंजिन मागून लागलं होतं, रांग दोनदा तोडून जोडली होती. नववा कुठला आणि दहावा कुठला, काही खूण उरली नव्हती. वरून ऊन असं की डब्यांच्या कडा हलताना दिसत होत्या. चौकीदार लिंबाखालून काठी घेऊन धावत आला, पण खाकी पाहून थबकला. नत्थुजींनी त्याची काठी हातातून घेतली आणि सवयीनं पहिल्या डब्यावर उगारली.

देवमननं ती मधेच धरली. "काठी मारू नका जी. तो अजून चूप होईन."

मग त्यानं स्वतः हाक मारली. "सूर्यभान, मी देवमन. मी एकटाच आहो गा. बोल." रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो प्रत्येक दाराला कान लावत गेला. पत्र्यानं कान भाजत होता. एकाही डब्यातून काही आलं नाही. चौकीदार म्हणाला, मी सांगितलं होतं कोणी नाही म्हणून. देवमननं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तो कड्या काढायला लागला. पहिला डबा, रिकामा. दुसरा, रिकामा. तापलेल्या लोखंडानं तळहात भाजत होते म्हणून त्यानं डोक्याचं फडकं काढून हाताला गुंडाळलं. नत्थुजींनी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली, एक पाय अनवाणी, चटके बसून नाचत. सहावा रिकामा. सातव्याची कडी बसून गेली होती, ती देवमननं रुळाजवळचा दगड घेऊन ठोकली आणि ठोकताना आत ऐकणाऱ्याला काय वाटत असेल ते मनात येऊन त्यानं पुढचे ठोके हळू मारले. सातवाही रिकामा. नववा रिकामा. दहावा रिकामा. आता त्याचा धीर सुटत चालला. डबा दुसरीकडेच कुठं सोडला असेल तर, वाटेतच तोडून ठेवला असेल तर. त्याच्या तोंडाला कोरड पडली होती आणि डालड्याच्या डब्यातलं पाणी गळ्याशी डुचमळत होतं.

बाराव्याचं दार उघडलं तसा आतून भट्टीसारखा वाफारा आला आणि दाराला टेकलेलं एक माणूस अंगावर कलंडलं.

देवमननं त्याला झेललं. अंग इतकं तापलेलं की धरवत नव्हतं. सूर्यभानच्या तोंडात त्याचा स्वतःचा गमछा होता. नुसता धरलेला नव्हता, बोटांनी आत आत कोंबलेला, गालफडं फुगेपर्यंत. हात बांधलेले नव्हते, कोणी जुलूम केला नव्हता. खोकला बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून त्यानंच तो कोंबला होता. बडनेऱ्याच्या पहारेकऱ्याच्या पहिल्या काठीला कोंबला, आणि मग पुन्हा काठी वाजली तशी पुन्हा कोंबला.

देवमननं गमछा ओढून काढला. "सूर्यभान. ए सूर्यभान." नाकाशी बोट धरलं तर श्वास आहे की नाही कळेना. नत्थुजी धावत आले. दोघांनी मिळून त्याला डब्याच्या सावलीत खाली आडवा घातला. देवमन डालड्याच्या डब्यातलं पाणी थेंब-थेंब ओठांवर सोडायला लागला, नत्थुजींनी मांडीवर डोकं घेतलं आणि आपल्याच रुमालानं त्याचं कपाळ, छाती पुसत राहिले. पाणी गालावरून वाहून जात होतं. एकदा वाहून गेलं, दोनदा गेलं. तिसऱ्यांदा गळ्याची घाटी हलली.

"गिळलं," नत्थुजी म्हणाले. "दे, अजून दे. दम्मानं."

बऱ्याच वेळानं सूर्यभानचे डोळे उघडले. वर निळं आभाळ, मधे देवमनचं तोंड. ज्याच्या मांडीवर त्याचं डोकं होतं तो माणूस त्याला दिसत नव्हता. त्याचे ओठ हलले. देवमननं कान खाली नेला.

"गेला का शिपाई?" सूर्यभान म्हणाला.

देवमननं वर पाहिलं. नत्थुजींनी एका हातानं डोक्यावरची टोपी काढली आणि पाठीमागं गिट्टीवर ठेवून दिली.

"गेला," देवमन म्हणाला. "केव्हाचा गेला गा."

सूर्यभाननं ते ऐकलं, खरं मानलं, आणि मग त्याला खोकला आला. चार तास दाबून ठेवलेला. एक उबळ संपायच्या आत दुसरी, त्याचं अंग मांडीवरून उसळत होतं, आणि उसळता उसळता त्याचा हात चाचपडत तोंडाकडं गमछा शोधायला गेला. देवमननं तो हात धरून ठेवला. त्याला आता रडू आवरत नव्हतं.

नत्थुजी सूर्यभानची पाठ चोळत होते. "खोक बावा," ते म्हणाले. "खुशाल खोक. आता कोनी आइकून नाई राह्यलं."